शर्यतीची सीट, रोजचा रस्ता

२९ नोव्हेंबर २०२० रोजी बहरीनच्या फॉर्म्युला वन शर्यतीत पहिल्याच फेरीत रोमाँ ग्रोजाँची गाडी ताशी १९२ किलोमीटर वेगाने कठड्यावर आदळली. गाडीचे दोन तुकडे झाले, आगीचा लोळ उठला आणि २७ सेकंदांत ग्रोजाँ स्वतःच्या पायांनी बाहेर आला. असं काही पाहिलं की एक रास्त प्रश्न पडतो. शर्यतीतली सीट माणसाला असल्या धडकेतूनही सांभाळते, तर आपल्या रोजच्या स्पोर्ट्स कारमध्ये ती का नसावी? त्यात आता काही गाडी कंपन्या स्वतःच ऑप्शनच्या यादीत कार्बनच्या बकेट सीट देऊ लागल्या आहेत. बाहेर सुट्या मिळणाऱ्या सीट तर त्याहून कितीतरी स्वस्त पडतात. मग चार बोल्ट काढायचे, नवी सीट बसवायची, की झालं काम!

तसं होत नाही. शर्यतीची सीट कधीच एकटी काम करत नाही, रस्त्यावरच्या गाडीची सीटही करत नाही. दोघींच्या मागे आपापला वेगळा गोतावळा असतो. एकीला तिच्या गोतावळ्यातून उचलून दुसरीकडे बसवलं की नेमकं काय बिघडतं आणि काय खरोखर सुधारतं, ते आता पाहू.

## एका नावाखाली तीन वस्तू

‘रेसिंग सीट’ या नावाने लोक तीन वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतात आणि निम्मे वाद तिथेच सुरू होतात.

पहिली स्पोर्ट्स सीट. ही तुमच्या-माझ्या नेहमीच्या सीटसारखीच असते. पाठ मागे-पुढे कलते, बैठक सरकते. फक्त मांड्यांच्या आणि बरगड्यांच्या कडेला उंच, घट्ट फुगवटे असतात. त्यांना बोल्स्टर म्हणतात. बहुतेक स्पोर्ट्स कार कारखान्यातून अशाच सीट घेऊन बाहेर पडतात.

दुसरी खरी बकेट सीट. पाठ आणि बैठक मिळून एकच अखंड कवच. ते काचतंतूचं म्हणजे फायबरग्लासचं असेल, कार्बन फायबरचं असेल, किंवा आत लोखंडी नळ्यांचा सांगाडा असेल. पाठ कलत नाही. वर पातळ गाद्या चिकटवलेल्या, आणि पट्टे ओवायला खांद्यापाशी, कमरेपाशी व मांड्यांच्या मधोमध भोकं.

तिसरी त्याच बकेट सीटची कडक बहीण. डोक्याच्या दोन्ही बाजूंनी कानांपर्यंत पंख पुढे आलेले असतात, घोड्याच्या झापडांसारखे.

स्पोर्ट्स सीटबद्दल फारसं भांडण नाही. ती रस्त्यासाठीच घडवलेली असते. पुढचं सगळं दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

## वळणावर अंग किती ढकललं जातं?

सीटचं मोठं काम म्हणजे वळणावर अंग जागेवर ठेवणं. ते किती मोठं, हे आकड्यांत पाहता येतं. समजा २० मीटर त्रिज्येच्या वळणावरून तुम्ही ताशी ३० किलोमीटरने गेलात. अंगाला बाहेर ढकलणारा जोर साधारण ०.३५ जी भरतो. ‘जी’ म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतका जोर. तुमचं वजन ७० किलो असेल तर कोणीतरी बाजूने २५ किलोंच्या जोराने रेटतंय असं समजा. साधी सीट, पट्टा आणि दारावर टेकलेला गुडघा एवढ्यात ते निभावतं. रोजच्या चालवण्यात यापलीकडे क्वचितच जावं लागतं.

ट्रॅकवर चिकट टायर लावले की हाच जोर १ जीच्या पुढे जातो. आता तुमचं अख्खं वजन आडवं लोंबकळतंय. मग चालक काय करतो? स्टिअरिंगला धरून बसतो. डावा पाय फूटरेस्टवर रोवतो, खांदे आखडतात, आणि टायरची पकड सुटतेय हे हातांना कळायला हवं तिथे हात स्वतःचाच तोल सांभाळण्यात गुंततात. बकेट सीटचा खरा फायदा इथे आहे. ती अंग धरते, त्यामुळे हात मोकळे राहतात. शिवाय कवच कडक आणि गाडीच्या तळाला थेट जखडलेलं असल्यामुळे मागची चाकं घसरू लागली की कमरेला आधी कळतं. ज्यांनी ट्रॅकवर हा फरक अनुभवला आहे ते त्याबद्दल भरभरून बोलतात, आणि त्यात अतिशयोक्ती नसते.

वजनही कमी होतं. मोटर, हीटर, रुळांसह विजेवर सरकणारी सीट २५-३० किलोंची सहज असते. साधी फायबरग्लासची बकेट सीट १० किलोंच्या आत येते. ब्रॅकेट धरून दोन सीटमागे ३० किलो वाचले असं मानू. १,४०० किलोंच्या गाडीत हे दोन टक्के झाले. ५० लिटरची टाकी भरली की पेट्रोलचंच वजन ३७ किलो होतं, म्हणजे टाकी जवळपास रिकामी ठेवून चालवलं तरी तेवढा फरक पडतो. शर्यतीत दोन टक्के फार मोठे असतात. सिग्नलवर ते कोणाला जाणवणार नाहीत.

## मग जीव कोण वाचवतं?

काचेची भांडी खोक्यात भरताना चारही बाजूंनी कागद घट्ट कोंबला तर खोकं पडलं तरी भांडी टिकतात. एका बाजूला गच्च आणि दुसऱ्या बाजूला मोकळं ठेवलं तर ती तिथेच फुटतात. शर्यतीची गाडी हे पहिल्या प्रकारचं खोकं आहे. सहा ठिकाणी बांधलेले पट्टे छाती आणि कंबर कवचात दाबून धरतात, हेल्मेटला मानेचा आधार जोडलेला असतो, भोवती लोखंडी नळ्यांचा पिंजरा म्हणजे रोल केज असतो, आणि चालक न जळणाऱ्या कपड्यांत असतो. फॉर्म्युला वनच्या गाडीत नळ्यांच्या पिंजऱ्याच्या जागी कार्बन फायबरची भक्कम कोठडी असते. ग्रोजाँ वाचला तो या सगळ्यांमुळे आणि डोक्यावरच्या हेलो नावाच्या टायटॅनियमच्या कमानीमुळे. सीट त्यातला एक घटक होती.

रस्त्यावरची गाडी वेगळा विचार करते. तिथला माणूस हेल्मेट घालत नाही, त्याला मागे वळून पाहायचं असतं, कधी गरोदर बाई बसते, कधी सहा फुटी आजोबा. म्हणून इथे अंग करकचून बांधण्याऐवजी त्याला हिशेबाने पुढे येऊ देतात आणि झेलतात. १९५९ साली व्होल्वोच्या निल्स बोहलीनने आणलेला तीन ठिकाणी अडकणारा पट्टा हा त्याचा पाया. त्यात पुढे भर पडत गेली. धडक होताच पट्ट्यातली ढील एका छोट्या स्फोटाने ओढून घेणारा प्रीटेन्शनर आला. छातीवर फार जोर येऊ लागला की पट्टा थोडा सैल सोडणारी यंत्रणा आली. सैल सुटलेल्या छातीला आणि डोक्याला झेलायला समोर एअरबॅग आली, बरगड्यांसाठी बाजूची एअरबॅग आली. आणि मागून धडक बसल्यावर ठरावीक प्रमाणात वाकून जोर शोषणारी सीटची पाठ तर मुळापासून या रचनेचा भाग आहे.

दोन्ही रचना आपापल्या जागी उत्तम चालतात. बिघडतं ते एकीतला मधला तुकडा उचलून दुसरीत घातल्यावर.

## साधा पट्टा बकेट सीटवर नीट बसतो का?

बकेट सीट बसवणारे बहुतेक जण रोजच्या वापरात मूळचा तीन टोकांचा पट्टाच ठेवतात. ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं. आता त्या सीटमध्ये बसा आणि पट्टा लावून पाहा.

पट्ट्याचा कमरेवरचा भाग कुठे बसायला हवा? कमरेच्या दोन्ही बाजूंना पुढे जी टोकदार हाडं हाताला लागतात त्यांच्या खाली, मांडीच्या सुरुवातीला, चपटा आणि घट्ट. शरीरात जोर सहन करणाऱ्या जागांत ही फार मजबूत जागा आहे. पण बकेट सीटच्या मांडीजवळच्या भिंती उंच असतात. पट्टा त्या भिंतीच्या कडेवरून येतो, समोरच्या कडेवर जातो, आणि मधे पोटापुढे पुलासारखा टांगून राहतो. पट्टा आणि कंबर यांच्यात तळहात आरामात सरकला, तर समजा की पट्टा तुम्हाला धरत नाही, सीटलाच धरतोय.

धडकेत काय होतं? कंबर पट्ट्याच्या खालून पुढे घसरते आणि पट्टा हाडांवरून निसटून मऊ पोटात रुततो. अभियंते याला सबमरीनिंग म्हणतात, पाणबुडीने बुडी मारावी तसं. आतडी, यकृत, कणा यांना होणाऱ्या गंभीर इजा अशाच होतात.

यावर उपाय आहे. कमरेचा भाग कवचाच्या बाजूच्या भोकातून आत घ्यायचा, म्हणजे तो थेट हाडांवर येतो. पण मूळ पट्ट्याचं बक्कल बहुतेक गाड्यांत जुन्या सीटलाच जोडलेलं असतं. सीट गेली की ते नव्या ब्रॅकेटवर बसवावं लागतं, आणि त्याची उंची व कोन चुकला की भोकाशी मेळ बसत नाही. एका मित्राच्या गाडीत बसलो होतो तेव्हा बक्कल कवच आणि मधला कन्सोल यांच्यामधल्या फटीत खोल गेलेलं होतं. दोन बोटं घालून ते चाचपडायचं, दुसऱ्या हाताने पट्ट्याची जीभ आत ढकलायची, ‘टक्’ आवाज ऐकू येईपर्यंत थांबायचं. गाडी पाच मिनिटांसाठी काढायची असली की मित्र पट्टा लावायचाच नाही. एवढी महागाची सीट, आणि पट्टा नाही!

खांद्याचंही तसंच. कवचाचे खांद्याजवळचे पंख पुढे आलेले असले तर पट्टा छातीला टेकण्याआधी पंखाला टेकतो. प्रीटेन्शनर ओढून घेतो ती ढील पंखाच्या कडेवर वाया जाते.

## मग हार्नेसच लावू की!

हा आक्षेप लगेच येतो, आणि कागदावर बरोबरही आहे. सीट शर्यतीची आहे, तर पट्टेही शर्यतीचे लावा. या पट्ट्यांना हार्नेस म्हणतात. दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून, आणि सहा टोकांच्या हार्नेसमध्ये आणखी दोन मांड्यांमधून.

अडचण मानेपासून सुरू होते. हार्नेस छातीला कवचाशी जखडतो. धडकेत छाती थांबते, डोकं थांबत नाही. सगळा झटका मानेवर आणि कवटीच्या तळाशी येतो. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या डेटोना ५०० शर्यतीच्या शेवटच्या फेरीत नामवंत चालक डेल अर्नहार्टचा मृत्यू कवटीच्या तळाचं हाड मोडून झाला. त्याआधीही कित्येक चालक असेच गेले होते. मानेसाठीचा ‘हान्स’ नावाचा आधार तेव्हा उपलब्ध होता. मिशिगन स्टेट विद्यापीठातले प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे मेहुणे, शर्यतीचे चालक जिम डाउनिंग यांनी तो १९८० च्या दशकात तयार केला होता. पण अवजडपणाच्या कारणाने फार कोणी तो वापरत नव्हतं. अर्नहार्टनंतर त्याच वर्षी नॅस्कारने, म्हणजे ती शर्यत भरवणाऱ्या संघटनेने, मानेचा आधार सक्तीचा केला, २००३ मध्ये फॉर्म्युला वनने. हान्स हेल्मेटला अडकतो. म्हणजे हार्नेस हवा तर हान्स हवा, हान्स हवा तर हेल्मेट हवं. दूध आणायला हेल्मेट घालून निघणारा अजून मला भेटलेला नाही.

पुढची अडचण पट्टे मागे कुठे बांधायचे ही. एफआयए म्हणजे आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्ट महासंघ. त्यांच्या नियमानुसार खांद्याचे पट्टे सीटच्या पाठीवरून मागे जाताना ४५ अंशांपेक्षा जास्त खाली उतरता कामा नयेत, आणि शिफारस तर १० अंशांच्या आतली आहे. साध्या गाडीत लोक ते मागच्या सीटच्या पट्ट्यांच्या बोल्टला, तळाशी बांधतात. मग धडकेत पट्टा छातीला मागे ओढण्याऐवजी खांद्यांना खाली दाबतो आणि तो दाब मणक्यांवर जातो. त्यासाठी मागे आडवी नळी बसवायची, तर रोल केजची गोष्ट निघते. आणि रोल केज बसवला की हेल्मेट नसलेल्या डोक्याजवळ लोखंडी नळी आली. नळीवरचं कडक पॅडिंग हेल्मेटसाठी असतं, उघड्या कवटीसाठी नाही.

शिवाय गाडी उलटून छप्पर खाली आलं, आणि केज नसेल, तर हार्नेसने ताठ बांधलेल्या माणसाला बाजूला कलायला जागा उरत नाही.

चार टोकांच्या हार्नेसमध्ये मांड्यांमधला पट्टा नसतो. खांद्याचे पट्टे ताणले की कमरेचा पट्टा वर पोटावर सरकतो, म्हणजे पुन्हा तीच पाणबुडी. श्रोथ या जर्मन कंपनीने यासाठी एका खांद्याच्या पट्ट्यात मुद्दाम उसवणारी शिवण दिली. धडकेत ती उसवते, तो खांदा थोडा पुढे येतो, अंग किंचित फिरतं आणि कंबर खाली घसरत नाही. अशा काही पट्ट्यांना रस्त्यावर वापरायची मान्यता मिळालेली आहे. पण मान्यता ठरावीक गाडीसाठी, ठरावीक बसवणुकीसाठी असते.

हे सगळं जमवलं तरी एक साधी गोष्ट राहतेच. घट्ट हार्नेस लावून चौकात पुढे वाकून डावी-उजवीकडे पाहता येत नाही. हात पुढे पोचत नाही. मग माणूस खांद्याचे पट्टे ‘जरासे’ सैल ठेवतो. हार्नेस साध्या पट्ट्यासारखा स्वतःहून घट्ट होत नाही. सैल ठेवलेला हार्नेस साध्या पट्ट्यापेक्षा वाईट.

## सीटखालची पिवळी वायर

मूळ सीट पुढे उचलली की खाली काही कनेक्टर दिसतात. त्यातला पिवळा एअरबॅगचा. बऱ्याच गाड्यांत बाजूची एअरबॅग दारात नसून सीटच्याच बोल्स्टरमध्ये शिवलेली असते. सीट काढली की तीही गेली. बक्कलमधला प्रीटेन्शनर, सीट किती पुढे सरकवली आहे ते सांगणारा सेन्सर, शेजारच्या सीटवर माणूस आहे की पिशवी ते ओळखणारा सेन्सर, हे सगळं त्याच सीटमध्ये असतं.

कनेक्टर मोकळा राहिला की डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो. बऱ्याच गाड्यांत असा दोष नोंदला गेला की अख्खी एअरबॅग यंत्रणाच काम करायचं थांबवते, समोरच्या एअरबॅगसकट. यावर बाजारात छोटे रेझिस्टर मिळतात. कनेक्टरमध्ये खोचले की गाडीला वाटतं एअरबॅग जागेवर आहे, आणि दिवा विझतो. समोरच्या एअरबॅग जिवंत ठेवायचा तो एक मार्ग आहे हे खरं. पण बाजूची एअरबॅग परत येत नाही, आणि पुढे ती गाडी विकत घेणाऱ्याला ते कळायचा रस्ता बंद होतो. विकताना तोंडाने सांगायला हवं, लेखी दिलं तर उत्तम.

## मागून कोणी ठोकलं तर

रोजच्या वाहतुकीत मागून बसणारी धडक नेहमीची. इथे डोक्याच्या मागे आधार किती जवळ आहे याला फार महत्त्व असतं. शर्यतीच्या बऱ्याच कवचांमध्ये डोक्याची जागा हेल्मेट गृहीत धरून मागे घेतलेली असते. हेल्मेट नसलं की त्याच्या जाडीएवढी फट उरते, आणि मानेला झटका बसायला तेवढी पुरते. कवचाची उंची ठरलेली असते, हेडरेस्ट वर ओढता येत नाही. उंच माणसाचं डोकं कवचाच्या वर जात असेल तर ती सीट त्याच्यासाठी नव्हेच.

डोक्याच्या पंखांबद्दल एकच सांगतो. रस्त्यावर ती सीट घेऊ नका. लेन बदलताना खांद्यावरून मागे पाहता येत नाही, आणि उघडं डोकं बाजूच्या कडक पंखावर आपटतं.

मागच्या सीटवर कोणी बसत असेल तर त्याचाही विचार हवा. रस्त्यावरच्या सीटची मागची बाजू डोकं किंवा गुडघा आपटला तर जोर शोषेल अशी असावी लागते. कार्बनचं कवच गुडघ्यासाठी दगडच. आणि पाठ पुढे कलत नसल्यामुळे दोन दारांच्या गाडीत मागे बसायला वाटच राहत नाही.

## पाठीचं काय होतं?

यावर लोक अगदी उलटसुलट सांगतात, आणि दोघंही खरं बोलत असतात.

खाली-वर होणाऱ्या हादऱ्यांपैकी सेकंदाला ४ ते ८ वेळा होणारे हादरे माणसाच्या धडाला सर्वांत जास्त त्रास देतात. फोम आणि स्प्रिंगची साधी सीट यातल्या खालच्या टोकाला, ४ च्या आसपास, हादरे थोडे वाढवतेसुद्धा. पण त्यावर गेलं की ती ते शोषत जाते. दोन बोटं जाडीची गादी चिकटवलेलं कवच ना वाढवतं ना शोषतं, चाकांकडून आलेलं जसंच्या तसं पाठीला देतं. ट्रॅकवर चालकाला नेमकं हेच हवं असतं. खडबडीत रस्त्यावर, कडक सस्पेन्शनच्या गाडीत, दोन तासांनी याच गुणाचा जाच होतो.

दुसरीकडे, ‘साध्या सीटमध्ये कंबर दुखायची, बकेटमध्ये थांबली’ असं सांगणारेही भेटतात. त्यालाही कारण आहे. मऊ सीटमध्ये कंबर हळूहळू पुढे घसरते, पाठीचा खालचा भाग गोल होतो आणि दुखतो. मापाचं कवच कंबर मागे धरून ठेवतं. सगळी भिस्त त्या ‘मापाचं’ या शब्दावर आहे. कवच तुमच्यासाठी बदलत नाही. खुब्यापाशी अरुंद असेल तर मांडीच्या बाहेरच्या कडा बधिर होतात, रुंद असेल तर आत अंग हलत राहतं आणि पैसे गेले. पाठीच्या बाकाची जागा एका वितीने चुकली तर आधाराच्या जागी टोचणी मिळते.

‘पण ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत चालक रात्रभर असल्याच सीटमध्ये बसतात ना?’ बसतात, पण तिथे एका चालकाला कोणत्याही सहा तासांत चार तासांपेक्षा जास्त चालवायची परवानगी नसते. आणि प्रत्येक चालक स्वतःच्या अंगाच्या साच्यातून काढलेली गादी बरोबर आणतो. चालक बदलताना एकाची गादी बाहेर निघते, दुसऱ्याची आत जाते. घरच्या गाडीत तुम्ही आणि तुमच्यापेक्षा वीतभर बुटकी बायको एकच कवच वापरणार असाल तर ल माँच्या चालकांची ही सोय तुम्हाला नाही.

घ्यायची असेल तर आधी बसून पाहा, आणि दुकानात दोन मिनिटं नव्हे. अर्धा-पाऊण तास, नेहमीच्या कपड्यांत, नेहमीच्या चपलांत, हात स्टिअरिंगच्या उंचीवर ठेवून. पहिल्या पाच मिनिटांत सगळ्याच बकेट सीट भारी वाटतात.

## चढणं-उतरणं

याला कोणी गंभीरपणे घेत नाही, पण रोज दोन-चारदा हेच करायचं असतं. आधी बूड सीटच्या कडेवर टेकायचं, मग पाय आत, मग अंग खाली सोडायचं. बाहेर पडताना हात दाराच्या उंबऱ्यावर, जोर दंडात. काही दिवसांत बाहेरच्या बोल्स्टरचं कापड झिजून फोम डोकावू लागतो. अरुंद जागेत गाडी लावली आणि दार पुरतं उघडत नसलं तर आतच बसून राहायची वेळ येते. बीएमडब्ल्यूच्या एम३-एम४ या स्पोर्ट्स मॉडेलांमधल्या कार्बन सीटच्या बैठकीत मांड्यांच्या मधोमध एक उंचवटा आहे. ती सीट कंपनीचीच, सगळ्या सोयींसह येते, तरीही त्या उंचवट्याबद्दल मालक कुरकुरत असतात.

## तरीही बसवायची असेल तर

सीट जितकी भक्कम, तितकंच तिचं तळाशी जोडणं भक्कम हवं. धडकेत सीट आणि माणूस मिळून काही टनांची ओढ त्या चार बोल्टांवर येते. एफआयए प्रत्येक जोडाला किमान ८ मिलिमीटर जाडीचा बोल्ट मागते, ब्रॅकेट पोलादाचं असेल तर किमान ३ मिलिमीटर जाड आणि हलक्या मिश्रधातूचं असेल तर ५ मिलिमीटर. गॅरेजमध्ये पत्र्याची पट्टी वाकवून, भोकं पाडून बसवलेल्या सीटमध्ये बसू नका, सीट कितीही नावाजलेली असो. तुमच्या गाडीच्या मॉडेलसाठी बनवलेलं ब्रॅकेट घ्या. सरकती पट्टी हवी असेल तर दोन्ही बाजूंना कुलूप पडणारी. एका बाजूनेच अडकणारी पट्टी जोर आला की सीट तिरकी करते.

सीटवर एफआयएचं लेबल असेल तर ते वाचा. ८८५५-१९९९ या मानकाची सीट शर्यतीत उत्पादनाच्या तारखेपासून पाच वर्षं चालते, त्याहून कडक ८८६२-२००९ ची दहा वर्षं. मुदत संपली म्हणून रस्त्यावर ती उद्या तुटणार नाही, पण वापरलेल्या, धडक खाल्लेल्या कवचातल्या भेगा गादीखाली दिसत नाहीत. जुनी सीट घेताना गाद्या काढून, मागून-पुढून उजेडात पाहून घ्या.

हे लेबल म्हणजे रस्त्याची परवानगी मात्र नव्हे. रस्त्यावरच्या सीटसाठी संयुक्त राष्ट्रांचा नियम १७ वेगळा, पट्ट्यांसाठी १६, पट्टे बांधायच्या जागांसाठी १४. जिथे हे नियम लागू आहेत तिथे एफआयएचं लेबल पुरत नाही. काही सीट मुद्दाम दोन्ही मान्यता घेऊन येतात. रेकारो या सीट बनवणाऱ्या कंपनीच्या ‘पोल पोझिशन’ सीटची रस्त्यावर चालणारी आवृत्ती हे त्यातलं जुनं उदाहरण. विमा कंपनीला बदल लेखी कळवा. दावा करायची वेळ आल्यावर कळवणं उशिराचं असतं.

माझं मत विचाराल तर: गाडी रोज चालवायची आणि वर्षातून चार-दोनदा ट्रॅकवर न्यायची असेल, तर कारखान्याची स्पोर्ट्स सीट किंवा कंपनीच्याच ऑप्शन-यादीतली बकेट सीट घ्या. कंपनीने ती त्या गाडीच्या पट्ट्यांशी आणि एअरबॅगशी जुळवूनच मान्यता घेतलेली असते. सुटी आणलेली सीट तशी जुळवलेली नसते. गाडी मुख्यतः ट्रॅकची असेल, रस्त्यावर फक्त तिथपर्यंत जाण्यायेण्यापुरती, तर मान्यता असलेलं कवच, भोकातून नीट ओवलेला साधा पट्टा रस्त्यासाठी आणि सहा टोकांचा हार्नेस हान्ससह ट्रॅकसाठी, असं दुहेरी जमवता येतं. त्यात शेजारच्या बाजूला मूळ सीटच राहू द्या. ज्या गाडीत लहान मूल बसतं तिच्यात हा विषयच नको.

मूळ सीट विकू नका. आलटून-पालटून बसवणार असाल तर काढण्याआधी बॅटरी सोडवा, मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा, मगच पिवळा कनेक्टर ओढा. सीट बाहेर असताना, कनेक्टर मोकळा असताना, नुसतं ‘रेडिओ लावून पाहू’ म्हणूनही इग्निशन चालू करू नका. दोष मेमरीत नोंदला जातो, आणि बऱ्याच गाड्यांत तो दिवा सीट परत बसवूनही जात नाही, स्कॅनर लावूनच घालवावा लागतो.